बाबांच्या शौचाच्या सवयी अचानक बदलल्यात – कितपत काळजी करावी?

कृष्णाकाठची

विषय नाजूक आहे. जेवता जेवता वाचत असाल तर नंतर या.

बाबा ६४ वर्षांचे, जिल्हा परिषद शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, मुक्काम मिरज. मधुमेह आहे, गोळ्यांवर आटोक्यात. पोटाच्या बाबतीत हा माणूस जन्मभर एकदम शिस्तीचा. पहाटे चहा, पेपर यायच्या आत सगळं उरकून आंघोळ. दिवाळीनंतर हे बिघडलं. आता सकाळी तीन-चार वेळा जाऊन येतात, दर वेळी थोडंसंच होतं आणि बाहेर आल्या आल्या अजून राहिलंय असं वाटतं. कधी पातळ, कधी नुसती आव. मध्येच दोन दिवस काहीच नाही. हे सगळं आईकडून कळलं. बाबा स्वतः या विषयावर चकार शब्द काढत नाहीत.

मला संशय आला तो भलत्याच गोष्टींवरून. कोल्हापूरच्या लग्नाला "कंटाळा आलाय" म्हणून आले नाहीत. एसटीत बसायचं म्हटलं की वाटेत सोय कुठे कुठे आहे याची आधी चौकशी करतात. सकाळचा कट्टाही बंद. आणि परवा त्यांच्या पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक दिसलं. विचारलं तर म्हणाले, "साखर बंद केली की वजन उतरायचंच."

आईचं म्हणणं वय झालं, आतडी मंदावतात. शेजारचे काका म्हणतात मूळव्याध. नेहमीच्या डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, मग आवेचा कोर्स दिला. चार दिवस बरं वाटलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बाबा मेडिकलमधून आणलेलं चूर्ण रोज रात्री घेतात ते वेगळंच.

मी पुण्यात. कुणाच्या घरी असं झालंय का? कुठल्या डॉक्टरकडे न्यावं?

निवांत_नाना

ताई, घाबरू नका. साठी उलटली की हे चालायचंच. मला गेली कित्येक वर्षं दोन दिवसांआड होते, काही बिघडलेलं नाही. रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, सकाळी पपई. मूळव्याध असेल तर आमच्या इकडे एक वैद्य आहेत, धागा बांधून कोंब पाडतात. नंबर व्यक्तिगत निरोपात (व्यनि) पाठवतो.

हळदीकुंकू

नाना, तुमची सवय दोन दिवसांआडची आहे आणि ती तशीच आहे. ताईंच्या बाबांची *बदलली* आहे. फरक आहे की नाही?

बग_फिक्सर

मला आयबीएस (तपासणीत काही न सापडता पोट वारंवार बिघडण्याचा त्रास) आहे, हिंजवडीतल्या निम्म्या जनतेला असावा. रिलीजच्या आठवड्यात चार-चार वेळा पळावं लागतं, सुट्टीत गावी गेलो की सगळं सुतासारखं सरळ. काकांचंही टेन्शनचंच असेल. निवृत्तीनंतर बऱ्याच जणांचं होतं.

सध्या लो फॉडमॅप आहारावर आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून निघालेला प्रकार. कांदा, लसूण, गहू, राजमा, चवळी, दूध काही आठवडे बंद, मग एकेक परत सुरू करून बघायचं की नेमकं काय बाधतं. कांदा-लसणाविना आमटी करताना आईने हिंगावर भर दिला तरी पोट फुगायचंच. मग डबी उलटी करून बघितली. बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ निम्म्याच्या आसपास!

स्टेथो

फिजिशियन आहे. इथून निदान होत नाही आणि करूही नये, पण धाग्याची गाडी रुळावरून घसरतेय म्हणून लिहितो.

दिवसातून किती वेळा हा आकडा फार महत्त्वाचा नाही. दिवसाला तीन वेळा ते आठवड्याला तीन वेळा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. त्यामुळे नाना त्यांच्या जागी ठीक आहेत. आम्ही कान टवकारतो ते *त्या माणसाचं* नेहमीचं मोडलं की. त्यातही वय पन्नाशीच्या पुढे आणि बदल तीन-चार आठवड्यांहून जास्त टिकलेला असेल, तर वयावर ढकलून मोकळं होता येत नाही. वयाने आतडी मंदावतात हे खरं, पण ती हळूहळू, वर्षानुवर्षांत. दिवाळी ते आता इतक्यात नाही.

बग_फिक्सर, आयबीएस साधारणपणे तरुणपणी सुरू होतो. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच आयबीएस झाला असं म्हणायच्या आधी बाकी सगळं तपासून बाजूला ठेवावं लागतं. शिवाय आयबीएसमध्ये वजन उतरत नाही, रक्त पडत नाही, झोपेतून उठून धावावं लागत नाही.

ताई, एवढी उत्तरं मिळवा: रक्त पडतं का आणि कसं? रात्री झोपेतून उठावं लागतं का? वजन नेमकं किती उतरलं? संध्याकाळी कणकण? रक्ताच्या नात्यात कुणाला आतड्याचा कर्करोग? मधुमेहाच्या गोळ्या कुठल्या, हल्ली डोस बदलला का? आणि शेवटचं हिमोग्लोबिन किती?

खवचट

झालं. आता आधी सोनोग्राफी, मग दुर्बीण, मग सीटी, मग "भरती करून घेऊ". इसबगोलवर भागणाऱ्या गोष्टीत माणसाला आडवा पाडायचा. हलकं घ्या. पण कुठेतरी खरंय.

स्टेथो

हलकं घेतलं. पंचविशीतला मुलगा पोट फुगतं म्हणून आला, वजन बरं आहे, रक्त नाही, हिमोग्लोबिन चांगलं, तर मी त्याला दुर्बिणीला पाठवणार नाही आणि कुणी पाठवत असेल तर जरूर भांडा. चौसष्ट वर्षांच्या माणसाचं पट्ट्याचं भोक सरकलंय. या दोघांना एकाच तागडीत घालू नका.

अबोली२

ताईंचा विषय चालू आहे तेवढ्यात आमचंही विचारते, वेगळा धागा काढत नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून कमोड. जन्मभर भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय. आता तासभर बसून असतात, कुंथून कुंथून घामाघूम होतात, होतात त्या लेंड्या. रोज एरंडेल मागतात. द्यावं का?

गुळवेल

मी आयुर्वेदाचा पदवीधर, प्रॅक्टिस लातूरला. अबोलीताई, एरंडेल रोज नको. वैद्याने सांगितलं तर कधीमधी. आधी कमोडपुढे पायाखाली एक पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, कोपर मांडीवर टेकवून किंचित पुढे झुकायचं. खुर्चीसारखं बसलं की गुदद्वाराच्या वरचा स्नायू आतड्याला मुरड घालून ठेवतो, उकिडवं बसलं की ती सैल होते. ऑपरेशनच्या डॉक्टरांना मात्र विचारून घ्या, गुडघा किती वाकवायचा ते. आणि गोळ्या बघा. दुखण्यावर ट्रामाडॉल चालू आहे का? कॅल्शियम, लोह? तिन्हींनी मलावरोध होतो.

दुसरं, जेवणानंतर किंवा सकाळच्या गरम चहानंतर आतडं आपसूक हलतं, तेव्हाच बसवा. भलत्या वेळी तासभर बसवून उपयोग नाही, उलट मूळव्याधीला आमंत्रण.

मूळ धाग्याबद्दल. कृष्णाकाठची, त्रिफळ्यावर माझा जीव आहे, तरी सांगतो, ते चूर्ण आधी थांबवा. मेडिकलवर मिळणाऱ्या बहुतेक "पोट साफ" चूर्णांत सोनामुखी (जुलाब आणणारी वनस्पती) असते. रोज घेतली की ती आतड्याला चाबूक मारत राहते, मग पातळ झालेलं आजाराचं की सोनामुखीचं, कुणालाच कळत नाही. आणि नाना, क्षारसूत्र, म्हणजे तो औषधी धागा, ही चांगली चिकित्सा आहे, पण मूळव्याध *आहे* हे कुणीतरी तपासून ठरवलं पाहिजे ना? भगंदर (आतून बाहेर नळीसारखी वाट पडणं), फिशर (चीर), मूळव्याध (सुजलेल्या शिरा) ही तीन वेगळी दुखणी आपल्याकडे एकाच पाटीवर लिहिलेली असतात, म्हणून लोकांना ती एकच वाटतात.

स्टेथो

गुळवेल यांना पूर्ण अनुमोदन. एकच भर. अशा तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलात तर हातमोजा घालून बोटाने गुदद्वाराची तपासणी झालीच पाहिजे. दोन मिनिटांचं काम, कुठलंही यंत्र लागत नाही, आणि मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या भागातली गाठ त्यात हाताला लागू शकते. पेशंट लाजतो, डॉक्टर कंटाळतो, आणि कपडे न काढताच "मूळव्याध" लिहिलं जातं.

थेम्सतीर

इकडे इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना दर दोन वर्षांनी सरकारी आरोग्यसेवेकडून पोस्टाने एक पाकीट येतं. आत बोटाएवढी बाटली आणि तिच्या झाकणाला काडी. काडी विष्ठेवर फिरवायची, बाटलीत खोचायची, आणि टपालपेटीत टाकायची. डोळ्याला न दिसणारं रक्त त्यात कळतं. रक्त सापडलं तर कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) बोलावतात.

माझं पहिलं पाकीट बाथरूमच्या फडताळात बरेच दिवस पडून होतं. टपालाने *हे* पाठवायचं, मराठी मनाला झेपेना. शेवटी बायकोने वर्तमानपत्र पसरून दिलं आणि म्हणाली, आटपा. भारतात असं काही आहे का?

स्टेथो

घरोघरी पाकीट येण्यासारखं नाही. आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा कर्करोग कमी, हे त्यामागचं कारण. अमेरिकेत मात्र २०२१ पासून तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलंय, कारण तिथे तरुणांत प्रमाण वाढतंय.

ज्यांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार झाला, त्यांनी चाळिशीत किंवा त्या नातेवाइकाला झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी. आतड्यात आधी मोड फुटल्यासारखी छोटी वाढ होते, पॉलिप. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. दुर्बिणीतूनच पॉलिप कापून काढला की प्रश्न तिथेच मिटला. इतका सवलतीचा वेळ देणारे कर्करोग फार नाहीत.

रक्ताच्या "फुल बॉडी" पॅकेजमध्ये सीईए नावाची चाचणी असते, ती हा कर्करोग आहे की नाही हे शोधण्यासाठी नव्हे. नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नका, थोडी वाढली म्हणून झोप उडवून घेऊ नका.

बग_फिक्सर

वाचून हात थरथरतायत. माझं मल कधीकधी हिरवं असतं, एकदा लाल झालेलं.

हळदीकुंकू

बाळा, आदल्या दिवशी काय खाल्लं होतंस? बीटाची कोशिंबीर खाल्ली की आमच्या घरी दर वेळी कुणीतरी किंचाळत बाहेर येतं. पालकाने हिरवं होतं. लोहाच्या गोळीने काळं.

स्टेथो

काकू बरोबर. फक्त काळ्यातला फरक लक्षात ठेवा. लोहाच्या गोळीने होणारं काळं हिरवट-काळं आणि घट्ट असतं. डांबरासारखं चिकट, चकाकणारं, पाणी ओतूनही भांड्याला धरून बसणारं आणि घाण वासाचं काळं म्हणजे जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. विशेषतः घरात कुणी दुखण्यावर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेत असेल तर.

लालभडक, शेवटी थेंब थेंब किंवा वरून लागलेलं बहुतेक वेळा मूळव्याध नाहीतर फिशर. जाताना काचेने चिरल्यासारखं दुखलं तर फिशर. मलात मिसळलेलं, गडद, आवेबरोबर येणारं रक्त आतलं. पण मूळव्याध असणं हे वर आतड्यात काही नसल्याचं सर्टिफिकेट नव्हे. दोन्ही एकाच माणसाला असू शकतं.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. शनिवारी मिरजेला जाऊन आले. बाबांना थेट विचारायची हिंमत झाली नाही. मोबाइलवर ब्रिस्टल तक्ता काढून दिला, मलाची सात चित्रं असतात तो, आणि म्हटलं, रोज कुठलं ते आकड्यात सांगा. मास्तर माणूस, आकडे म्हटल्यावर वहीच घातली! बहुतेक दिवशी ६ (पातळसर), मध्येच १ (कडक लेंड्या). चार नंबर, म्हणजे नॉर्मल, एकदाही नाही.

रक्त: "कधीतरी, आवेबरोबर, तांबूस". हे आईलाही माहीत नव्हतं. रात्री उठावं लागतं. ताप नाही. वजन सहा किलो कमी. आत्याला काहीतरी पोटाचं झालं होतं, त्या काळी कुणी नीट सांगितलंच नाही. मधुमेहाच्या गोळीचा, मेटफॉर्मिनचा, डोस दिवाळीच्या आसपास दुप्पट केला होता. हिमोग्लोबिन ९.८, मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये १३.२ आहे.

मेटफॉर्मिनचं वाचलं आणि जीव जरा भांड्यात पडला. त्यानेच होत असेल का हे?

गुळवेल

मेटफॉर्मिनने जुलाब होतात हे खरं, डोस वाढवल्यावर तर बऱ्याचदा. पण रक्त?

स्टेथो

मेटफॉर्मिन पातळ करेल, आव तांबूस करणार नाही. खूप वर्षं घेतल्यावर त्याने बी-१२ कमी होतं आणि त्यातूनही हिमोग्लोबिन उतरतं, पण त्या प्रकारात लाल पेशी आकाराने मोठ्या होतात. रिपोर्टमध्ये एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) असा रकाना असेल, तो बघून सांगा. आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका, मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा.

कृष्णाकाठची

एमसीव्ही ६९. शेजारी "लो" छापलंय.

स्टेथो

म्हणजे पेशी लहान, लोहाची कमतरता. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) करून घ्या म्हणजे शिक्कामोर्तब होईल. बाईमाणसाला पाळीतून लोह जातं, चौसष्ट वर्षांच्या पुरुषाचं जाणार कुठून? बहुतेक वेळा पोटातूनच. या वयात पुरुषाला लोह कमी सापडलं की जठराची एंडोस्कोपी आणि मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी दोन्ही करतात. नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन हिमोग्लोबिन वर आणणं म्हणजे गळका नळ सोडून टाकी भरत बसणं. सांगली-मिरजेत पोटविकारतज्ज्ञ भरपूर आहेत, पुण्याला आणायची गरज नाही. याच आठवड्यात दाखवा.

हे कर्करोगच असं मी म्हणत नाहीये. आतड्याचा क्षय आपल्याकडे चांगलाच आहे, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याचा दाह, त्यात जखमा होतात) या वयातही सुरू होतो. प्रत्येकाचा इलाज वेगळा, आणि बघितल्याशिवाय, तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही.

निवांत_नाना

ताई, व्यनि केलेला नंबर बाजूला ठेवा. आधी दुर्बीण करून घ्या. मीही हिमोग्लोबिन करून घेतो म्हणतो.

खवचट

नाना सुधारले. धागा सार्थकी लागला.

कृष्णाकाठची

अपडेट. पोटविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी बोटाने तपासलं, त्यांना काही लागलं नाही, शुक्रवारी दोन्ही दुर्बिणी ठेवल्यात. बाबा तयार झाले ते त्यांच्या कट्ट्यावरच्या एका मित्रामुळे. ते म्हणे, "गुंगीचं इंजेक्शन देतात, झोप छान लागते, उठल्यावर विचारतोस कधी सुरू करणार." माझ्या तासाभराच्या विनवणीपेक्षा हे लागू पडलं.

कुणाच्या घरी झाली असेल तर तयारीचं सांगा ना.

अबोली२

सासऱ्यांची झाली होती. तपासणी काहीच नाही, आदली रात्र भारी. पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची, अर्धी आदल्या संध्याकाळी, अर्धी पहाटे. चव खारट, ओशट. फ्रिजमध्ये गार करून ठेवा आणि ग्लास-ग्लास वेळ लावून प्यायला द्या, घोट घोट चाखत बसले की मळमळतं. संडासाच्या दाराजवळ खुर्ची, मऊ टॉवेल आणि खोबरेल तेल, कारण वारंवार जाऊन जागा सोलवटते. शेवटी पिवळसर, निवळ पाणी पडलं पाहिजे. मधेच "झालं आता" म्हणून थांबू देऊ नका, पोट नीट साफ नसेल तर दिसत नाही आणि परत करावं लागतं.

(सासूबाईंना पाट लागू पडला, गुळवेल! एरंडेलाची बाटली अजून उशाशी आहे, पण उघडलेली नाही.)

स्टेथो

छान लिहिलंय. माझी भर: इसबगोल आणि लोहाची गोळी आताच बंद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काय करायचं ते त्यांच्याच डॉक्टरांनी ठरवायचं. मधुमेहाच्या गोळ्यांचंही तसंच. आदल्या दिवशी जेवण नसतं, साखर उतरू शकते. गाळलेलं लिंबू सरबत साखर घालून हाताशी असू द्या. शहाळं, डाळीचं वरचं निवळ पाणी, बिनदुधाचा चहा चालेल. लाल काही नको, आतड्यात रक्तासारखं दिसतं. म्हणजे कोकम सरबत नको. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, सालं, पालेभाजी, सालीची कडधान्यं, ज्वारी-बाजरी बंद. मऊ भात, सालीशिवायच्या मुगाची डाळ, दही.

कृष्णाकाठची

बुधवारी एकादशी आहे हो. बाबा एकादशी सोडत नाहीत. पंढरीची वारी केलेला माणूस. भगर?

गुळवेल

भगर नको, चोथा राहतो. राजगिराही नको, बारीक दाणा आतड्याला चिकटून बसतो. साबुदाणा चालेल.

हळदीकुंकू

खिचडी कर पण दाण्याचं कूट घालू नकोस. मिरचीही वाटून, बिया गाळून.

खवचट

दाण्याच्या कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी! काकांनी पावडर गपागप प्यायली तर नवल नाही.

कृष्णाकाठची

आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. बाबा मागून विचारतायत, खिचडीत बटाटा चालतो का?

स्टेथो

चालतो. साल काढून.